विश्लेषण : लायसन्स राजचे टीकाकार पिलू मोदी आर्किटेक्टच्या नोंदणीच्या बाजूने का होते?

नकाशा तर कोणीही स्वस्तात काढून देतं, मग नोंदणीकृत आर्किटेक्टची फी कशासाठी? घर बांधायला काढलं की हा प्रश्न येतोच. त्याचं उत्तर ज्या कायद्यात आहे, त्यामागे एका पारशी खासदाराचा मोठा वाटा होता.

पिलू मोदी कोण होते?

जन्म १४ नोव्हेंबर १९२६. वडील सर होमी मोदी, थोरले भाऊ टाटा स्टीलचे रुसी मोदी. मुंबईतल्या शाळेत झुल्फिकार अली भुट्टो त्यांचे जिवलग मित्र. पिलू यांनी अमेरिकेत बर्कलेला वास्तुकलेचं शिक्षण घेतलं, चंदीगडच्या उभारणीत ल कार्बुझिए यांच्यासोबत काम केलं आणि १९५३ मध्ये पत्नी वीणा यांच्यासह स्वतःची फर्म काढली. १९६७ आणि १९७१ मध्ये ते स्वतंत्र पक्षातर्फे गोध्र्याहून लोकसभेवर गेले.

कायदा का लागला?

स्वातंत्र्यानंतर बांधकामं वाढली, तसे शिक्षण नसलेले ‘आर्किटेक्ट’ही वाढले. घरं महागात पडत आणि अनेकदा धोकादायक ठरत. स्वतंत्र पक्ष सरकारी परवान्यांचा कट्टर विरोधक. तरी मोदींनी या कायद्यासाठी जोर लावला. वरवर ही विसंगती वाटते. पण नोंदणीचं काम मंत्रालयाकडे न जाता कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे गेलं, हा फरक लहान नाही. कायदा १ सप्टेंबर १९७२ पासून लागू झाला.

क्लायंटला काय मिळतं?

पात्रतेची खात्री आणि दाद मागायची जागा. १९८९ च्या नियमांनुसार फी आणि कामाच्या अटी आधी सांगाव्या लागतात. काम मिळवण्यासाठी कमिशन देता-घेता येत नाही. गैरवर्तन सिद्ध झालं तर नोंदणी जाऊ शकते. नोंदणी नसलेल्यावर कौन्सिलचा हा धाक नाही.

पुढे काय झालं?

विरोधकांवर सीआयएचे हस्तक असल्याचे आरोप होत असताना, आपणच ते हस्तक आहोत अशी पाटी गळ्यात अडकवून मोदी संसदेत आले होते. आणीबाणीत त्यांना तुरुंगवास झाला. १९७८ मध्ये ते राज्यसभेवर गेले. २९ जानेवारी १९८३ रोजी, ५६ व्या वर्षी, त्यांचं निधन झालं.

कायद्यात एक फट मात्र आहे. तो ‘आर्किटेक्ट’ हे बिरुद राखून ठेवतो, काम नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये स्पष्ट केलं. म्हणजे बिरुद न लावता आराखडे काढणाऱ्याला हा कायदा अडवत नाही. त्यामुळे तपासणी क्लायंटनेच करायची : ‘सीए’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक मागायचा आणि कौन्सिलच्या वेबसाइटवर पडताळायचा.