मार्गारेट मरे

मार्गारेट ॲलिस मरे (१३ जुलै, इ.स. १८६३ – १३ नोव्हेंबर, इ.स. १९६३) या ब्रिटिश इजिप्तविद्यातज्ज्ञ, पुरातत्त्वज्ञ व लोकसाहित्याच्या अभ्यासक होत्या. युरोपात चेटूक केल्याच्या आरोपावरून ज्यांना शिक्षा झाल्या, ते लोक ख्रिस्ती धर्माच्या आधीपासून चालत आलेल्या एका गुप्त धर्माचे अनुयायी होते, असा सिद्धान्त त्यांनी मांडला. इतिहासकारांनी तो अमान्य केला. तथापि सामान्य वाचकांत तो दीर्घकाळ खरा मानला गेला आणि विक्का या आधुनिक धर्माच्या जडणघडणीवर त्याचा मोठा प्रभाव पडला.

सुरुवातीचे जीवन

मरे यांचा जन्म कलकत्ता येथे झाला. त्यांचे वडील व्यापारी होते, तर आई ख्रिस्ती धर्मप्रसाराच्या कार्यासाठी भारतात आली होती. मरे यांनी कलकत्त्यातील रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेतले. पुढे त्या इंग्लंडला गेल्या. बहिणीच्या आग्रहावरून त्यांनी इ.स. १८९४ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फ्लिंडर्स पेट्री यांच्या इजिप्तविद्येच्या वर्गात प्रवेश घेतला. त्या वेळी त्यांचे वय ३० वर्षांचे होते.

इजिप्तविद्येतील कार्य

इ.स. १८९८ मध्ये मरे त्याच संस्थेत अध्यापन करू लागल्या. इ.स. १९०२–०३ च्या हंगामात त्यांनी ॲबिडोस येथे उत्खनन केले व तेथील ओसायरियन या वास्तूवर ग्रंथ लिहिला. इ.स. १९०८ मध्ये मँचेस्टर येथे दोन ममींची वस्त्रे उलगडून त्यांची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञांच्या पथकाचे नेतृत्व त्यांनी केले. विद्यार्थ्यांसाठी त्यांनी प्राचीन इजिप्ती भाषेचे प्राथमिक व्याकरणही तयार केले. स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत त्यांचा सहभाग होता. इ.स. १९३५ मध्ये त्या अध्यापनातून निवृत्त झाल्या.

चेटूकपंथाचा सिद्धान्त

पहिल्या महायुद्धामुळे इजिप्तमधील उत्खनन थांबले, तेव्हा मरे युरोपातील चेटूकविषयक खटल्यांकडे वळल्या. इ.स. १९२१ मध्ये त्यांचा 'द विच-कल्ट इन वेस्टर्न युरोप' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. आरोपींच्या कबुलीजबाबांत येणारा सैतान म्हणजे शिंगधारी देवाचा वेष घेतलेला पुरोहित होय, उपासक तेरा-तेरा जणांच्या गटांत संघटित होते आणि त्यांचे मेळावे प्रत्यक्ष भरत असत, असे प्रतिपादन त्यांनी केले.

इ.स. १९२९ मध्ये एनसायक्लोपीडिया ब्रिटानिकात चेटकाविषयीची नोंद मरे यांनी लिहिली. तीत त्यांनी स्वतःचाच सिद्धान्त सर्वमान्य असल्याप्रमाणे मांडला. ही नोंद इ.स. १९६९ पर्यंत कायम राहिली. त्यामुळे मूळ खटल्यांच्या नोंदी ज्यांनी कधी पाहिल्या नव्हत्या, अशा असंख्य वाचकांपर्यंत व लेखकांपर्यंत हा सिद्धान्त पोहोचला. इ.स. १९३१ चा 'द गॉड ऑफ द विचेस' हा ग्रंथ त्यांनी सामान्य वाचकांसाठी लिहिला. इ.स. १९५४ च्या 'द डिव्हाइन किंग इन इंग्लंड' या ग्रंथात तर इंग्लंडच्या काही राजांचे मृत्यू हे याच धर्मातील नरबळी होते, असा दावा त्यांनी केला.

टीका

इ.स. १९२२ मध्येच अमेरिकन इतिहासकार जॉर्ज लिंकन बर यांनी या सिद्धान्तावर कठोर टीका केली. सर्वांत निर्णायक परीक्षण नॉर्मन कोन यांनी इ.स. १९७५ मध्ये केले. त्यांनी मरे यांनी दिलेले उतारे मूळ साधनांशी ताडून पाहिले. उदाहरणार्थ, स्कॉटलंडमधील फॉरफर येथील इ.स. १६६१ च्या एका जबानीत स्त्रिया एकत्र जमून मद्यपान करतात, एवढाच भाग मरे यांनी घेतला होता. त्या मधमाश्यांप्रमाणे लहानशा छिद्रातून आत शिरल्या, हे त्याच जबानीतील विधान मात्र त्यांनी गाळले होते. अशी अशक्य विधाने वगळल्यामुळेच उरलेला मजकूर प्रत्यक्ष घडलेल्या मेळाव्याचे वर्णन वाटत होता. अनेक कबुलीजबाब छळ करून अथवा झोपू न देता मिळवलेले होते, याकडेही त्यांनी पुरेसे लक्ष दिले नाही.

या चुकीचे परिणाम केवळ ग्रंथांपुरते मर्यादित नव्हते. या खटल्यांत युरोपात सुमारे ४० ते ५० हजार लोकांना देहदंड झाला, असा अंदाज आहे. सिद्धान्त खरा मानल्यास न्यायाधीशांनी त्यांच्यावर ठेवलेला गुप्त पंथाचा आरोप मुळात खरा ठरतो.

विक्कावरील प्रभाव

जेराल्ड गार्डनर यांनी इ.स. १९५४ मध्ये 'विचक्राफ्ट टुडे' हा ग्रंथ प्रकाशित केला. प्राचीन चेटूकधर्म अद्याप जिवंत असल्याचा दावा त्यात होता व त्याला मरे यांची प्रस्तावना होती. इतिहासकार रोनाल्ड हटन यांनी इ.स. १९९९ मध्ये विक्का हा विसाव्या शतकात घडलेला धर्म असल्याचे दाखवून दिले. आज विक्काचे अनेक अनुयायीही हे मान्य करतात आणि आपल्या श्रद्धेला प्राचीनतेच्या आधाराची गरज नाही, असे मानतात.

अखेरची वर्षे

इ.स. १९५३ ते १९५५ या काळात मरे लंडनच्या फोकलोअर सोसायटीच्या अध्यक्षा होत्या. इ.स. १९६३ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले व त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. इजिप्तविद्येतील त्यांच्या कार्याविषयी आजही आदर व्यक्त केला जातो. चेटकावरील त्यांचे ग्रंथ मात्र त्या काळातील खटल्यांच्या इतिहासासाठी विश्वसनीय मानले जात नाहीत.