डोंगराला डोंगर जोडताना

नकाशात डोंगर कसा काढायचा, हा प्रश्न शाळेत असताना प्रत्येकाने आपापल्या परीने सोडवलेला असतो. पेन्सिलीने इंग्रजी व्ही उलटा काढायचा, त्याच्या एका अंगाला चार रेघा मारायच्या, की झाला डोंगर! असे दहा-बारा डोंगर ओळीने काढले, की झाली पर्वतरांग. आजची मुले हेच काम संगणकावर करतात. परीकथेतली बेटे, खेळांतली राज्ये, मनातल्या मनात वसवलेले प्रदेश यांचे नकाशे ती पडद्यावर तयार करतात. डोंगराचे एक चिन्ह निवडायचे आणि रबरी शिक्का मारावा तसे हवे तिथे उमटवत जायचे. पण थोड्याच वेळात काहीतरी चुकल्यासारखे वाटू लागते. शिक्क्यांची ती ओळ उन्हात वाळत घातलेल्या टोप्यांसारखी दिसते. पर्वतरांग असते सलग. एका शिखराची सोंड दुसऱ्याच्या पायथ्यात मिसळलेली असते, मध्ये कुठे खिंड असते, कुठे घळ असते. ती सलगता कागदावर आणायची कशी?

या प्रश्नाशी झगडणाऱ्या माणसांमध्ये एक नाव आपल्या वसईशी जोडलेले आहे. जवळजवळ पाचशे वर्षांपूर्वी तो या किनाऱ्यावर आला. हातात होकायंत्र, सूर्याची उंची मोजण्याची साधने आणि वही घेऊन आला. पुढे तो गोव्याच्या पोर्तुगीज सत्तेचा सर्वोच्च अधिकारी झाला. आपल्याकडच्या इतिहासाच्या पुस्तकांत त्याची ओळख दीवचा विजेता एवढीच राहिली. त्याचे नाव दों जुआंव द कास्त्रो.

कास्त्रोचा जन्म १५०० साली लिस्बनमध्ये, एका मोठ्या सरदार घराण्यात झाला. गणित आणि खगोल त्याला शिकायला मिळाले ते पेद्रो नुनिस या त्या काळच्या नामवंत गणितज्ञाकडे. राजाचा भाऊ लुईस हा त्याचा सहाध्यायी. पण त्या काळी सरदाराच्या मुलाची खरी शाळा म्हणजे रणांगण. अठराव्या वर्षी तो आफ्रिकेतल्या टँजियरच्या ठाण्यावर गेला आणि तिथे नऊ वर्षे लढला. १५३५ साली ट्युनिसच्या मोहिमेत राजपुत्र लुईसबरोबर होता. एका हातात तलवार आणि दुसऱ्या हातात गणित, असा हा विलक्षण मेळ त्याच्यात शेवटपर्यंत राहिला. त्याच्या मोठेपणाचे मूळ या मेळात आहे आणि त्याच्याविषयी आपल्याला वाटणाऱ्या अस्वस्थतेचेही.

१५३८च्या एप्रिलमध्ये तो लिस्बनहून हिंदुस्थानकडे निघाला आणि सप्टेंबरात गोव्याला पोचला. या प्रवासात बाकीचे सरदार पत्ते कुटत असतील, प्रार्थना करत असतील. कास्त्रो रोज सूर्य मोजत होता. होकायंत्राची सुई अगदी नेमकी उत्तर दाखवत नाही, थोडी बाजूला कलते, हे दर्यावर्दींना ठाऊक होते. हा कल पूर्व-पश्चिम अंतराप्रमाणे नियमाने बदलतो आणि म्हणून सुईच्या कलावरून जहाजाचे रेखांश काढता येतील, अशी तेव्हाच्या अनेक विद्वानांची खात्री होती. तसे झाले असते तर दर्यावरचे सर्वांत मोठे कोडे सुटले असते. नुनिसने सुचवलेले सावलीचे यंत्र घेऊन कास्त्रोने वाटेत पुन:पुन्हा मोजमापे घेतली. आकडे त्या नियमात बसेनात. गुरुजनांची मते एकीकडे आणि वहीतले आकडे दुसरीकडे, असा प्रसंग आला तेव्हा त्याने आकड्यांची बाजू घेतली.

याच प्रवासात ऑगस्ट महिन्यात, मोझांबिकच्या मुक्कामी, त्याच्या लक्षात एक गोष्ट आली. सुई भलतीकडे वळत होती, कारण जवळच एक तोफ होती. तोफेचे लोखंड सुईला ओढत होते. आज शाळेतले मूलही हे सांगेल. पण नौकानयनाच्या इतिहासात या शोधाचे श्रेय बराच काळ १६६६ सालच्या एका फ्रेंच माणसाला दिले जात असे. कास्त्रोची नोंद त्याच्या १२८ वर्षे आधीची आहे.

कास्त्रो गोव्याला पोचला तेव्हा दीवच्या किल्ल्याला तुर्की आरमाराचा आणि गुजरातच्या फौजेचा वेढा पडला होता. वेढा उठल्यावर नवा व्हाइसरॉय गार्सिया द नोरोन्या मोठे आरमार घेऊन किनाऱ्याने उत्तरेकडे निघाला. कास्त्रो त्यात होता. वाटेत दाभोळ, चौल आणि वसई. वसई तेव्हा पोर्तुगीजांच्या हाती येऊन चारच वर्षे झाली होती. गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने १५३४च्या डिसेंबरात ती त्यांना दिली होती. पुढे २०५ वर्षांनी, १७३९ साली, चिमाजी आप्पांनी ती जिंकून घेतली.

१५३८च्या डिसेंबरची २२ तारीख. वसईजवळ कास्त्रोने नेहमीप्रमाणे सुई लावली आणि ती पुन्हा भलताच कल दाखवू लागली. या वेळी तोफ वगैरे जवळ नव्हती. त्याने विचार केला आणि या निष्कर्षाला आला, की हे काम इथल्या खडकांचे आहे. जागोजागचे खडक सुईला आपल्याकडे खेचतात, हे चारशे वर्षांनंतरच्या मोजमापांनी खरे ठरवले. त्याला स्थानिक आकर्षण म्हणतात. आज त्याचे कारण आपल्याला माहीत आहे. कोकणचा आणि सह्याद्रीचा काळा कातळ म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. त्यात लोहाची चुंबकीय खनिजे असतात. ज्या दगडाचा वसईचा डोंगर बनला आहे, तोच दगड होकायंत्राला चकवतो. डोंगरांची चित्रे काढायला आलेल्या माणसाच्या सुईला डोंगरांच्याच दगडाने ओढावे, हा योग मोठा गमतीचा आहे.

आणि चित्रे त्याने काढली. गोव्यापासून दीवपर्यंतच्या या सफरीची त्याची मार्गदर्शिका पोर्तुगीज भाषेत आहे. तिच्यात बंदरांची, खाड्यांच्या तोंडांची, पाण्याच्या खोलीची, खडकांची आणि अक्षांशांची वर्णने आहेत. शिवाय मोठी रंगीत चित्रे आहेत, आणि वसईचेही चित्र त्यांत आहे. आजच्या नकाशासारखी ती सरळ वरून पाहिलेली नाहीत. पुढे समुद्र, त्यात गलबते, मग किनारा आणि खाडी, आणि मागे उभे डोंगर. जमीन समुद्राकडून जशी दिसते, तशी.

असे का? तर नकाशा वापरणारा माणूस समुद्रात असतो म्हणून. तांडेलाला डोंगराची उंची आकड्यात नको असते. त्याला हवी असते आकाशावर उमटलेली रेघ. कुठला माथा सपाट आहे, कुठला टोकदार, दोहोंमधले बेचके किती खोल आहे, कुठली धार कुठे संपते. वसईच्या समुद्रात उभे राहिले तर आजही हे कळते. जवळ तुंगारेश्वरची गडद रांग, तिच्या दक्षिणेला कामणदुर्ग, उत्तरेला विरारच्या जीवदानीचा छोटा पण ठळक डोंगर, आणि हवा स्वच्छ असेल तर मागे फिकट निळा सह्याद्री. लोकलने नालासोपाऱ्याहून विरारकडे जाताना उजव्या हाताला हीच रांग मागच्या बाजूला सरकताना दिसते. अर्नाळ्याच्या, पाचूबंदरच्या कोळ्यांना हे कुणी शिकवावे लागले नाही. उपग्रहाची यंत्रे होड्यांवर येण्याआधी दोन डोंगर एका रेषेत आले की अमुक जागा, अशा खुणांवरच मासेमारी चाले. किनाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या तोंडी असलेले असले ज्ञान दर्यावर्दींच्या वहीत कागदावर उतरत होते.

त्या काळच्या बहुतेक नकाशांत डोंगर म्हणजे सुटी वारुळे असत; कुठेही एकसारखी. इथे डोंगर आहे, एवढेच ते सांगत. युरोपात १७९९ साली लेमान नावाच्या अधिकाऱ्याने उताराच्या दिशेने बारीक रेघा मारण्याची शास्त्रशुद्ध पद्धत मांडली. आपल्याकडे १८०२ साली लॅम्टनने मद्रासहून महासर्वेक्षण सुरू केले. त्याच कामात असताना १८२३ साली तो वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला. पुढे समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा आल्या आणि नकाशातले डोंगर दिसेनासे झाले. ते वाचावे लागू लागले. गंमत अशी, की कल्पनेतल्या राज्यांचे नकाशे काढणाऱ्यांना मात्र उभे डोंगरच आवडले. टॉल्किनच्या १९५४-५५ सालच्या कादंबरीतील नकाशांनी ती आवड जगभर पसरवली. आजच्या मुलांच्या संगणकावर तीच परंपरा चालू आहे.

म्हणून त्यांची अडचणही तीच आहे, आणि तिचे उत्तर समजायला सोपे आहे. पडद्याचे चौकोनी घरांत भाग पाडा. प्रत्येक घराला चार बाजू. प्रत्येक बाजूने डोंगराची धार शेजारच्या घरात जाते किंवा जात नाही. हिशेब केला तर सोळा चिन्हे होतात: एक रिकामे, चार रांगेची टोके, दोन सरळ धारा, चार वळणे, चार तीन वाटांचे फाटे आणि एक चारी दिशांना धार सोडणारे. नियम इतकाच, की धार घराची हद्द ओलांडते ती नेहमी एकाच जागी आणि एकाच उंचीवर. मग लागून असलेल्या बाजू जुळत असल्या, की कुठलाही तुकडा दुसऱ्याला नेमका लागतो. सगळ्यांवर ऊन एकाच बाजूने पडले पाहिजे आणि पुढच्या डोंगराने मागच्याचा पायथा झाकला पाहिजे. शिखरे सुबक काढणे पुष्कळांना जमते. रांग उभी राहते ती दोन शिखरांमधल्या जोडावर. आणि हे सगळे ठरवण्याआधी एक प्रश्न सोडवावा लागतो, तो म्हणजे पाहणारा कुठे उभा आहे? कास्त्रोच्या चित्रात तो गलबतावर उभा होता.

या माणसाची नजर केवळ बंदरांवर नव्हती. त्याने घारापुरीची आणि कान्हेरीची लेणी पाहिली आणि त्यांचे सविस्तर वर्णन लिहून ठेवले. परधर्माची म्हणून ती टाकून न देता कोरीव काम करणाऱ्यांच्या हाताचे त्याला कौतुक वाटले. १५४१ साली तो इश्तेवांव द गामाच्या आरमाराबरोबर तांबड्या समुद्रातून थेट सुएझपर्यंत गेला आणि त्याही सफरीची मार्गदर्शिका लिहिली.

इथे कुणी थांबले तर कास्त्रोचे चरित्र फार सुखाचे वाटेल. पण तो पुन्हा आला तो १५४५ साली, गोव्याचा गव्हर्नर होऊन. पुढच्याच वर्षी दीवला दुसरा वेढा पडला. त्याचा तरुण मुलगा फर्नांदो तिथे सुरुंगाच्या स्फोटात मारला गेला. नोव्हेंबरात कास्त्रो स्वत: आरमार घेऊन गेला आणि लढाई जिंकला. पडलेला किल्ला पुन्हा बांधायला पैसे नव्हते, तेव्हा त्याने गोव्याच्या नागरिकांकडे कर्ज मागितले आणि तारण म्हणून आपल्या दाढीचे केस पाठवले. ही गोष्ट पोर्तुगालमध्ये अजून सांगतात. मात्र त्याच्या कारकिर्दीतल्या दुसऱ्या गोष्टी आपण सांगायला हव्यात. गुजरातच्या किनाऱ्यावरच्या वस्त्या त्याच्या आरमाराने उद्ध्वस्त केल्या, आणि विजापूरशी झालेल्या युद्धात दाभोळवर हल्ला करून ते बेचिराख केले. काही वर्षांपूर्वी याच दाभोळच्या खाडीचे तोंड, पाणी आणि टेकड्या त्याने बारकाईने टिपल्या होत्या.

नकाशा कुणाच्या हातात आहे, हे म्हणून महत्त्वाचे असते. पोर्तुगीजांनी आपली सागरी माहिती जपून ठेवली, कारण ती शस्त्राइतकीच कामाची होती. कास्त्रोच्या डोळ्यांतली उत्सुकता खरी होती, आणि तो ज्या सत्तेसाठी पाहत होता तिची भूकही खरी होती. त्याला केवळ शास्त्रज्ञ म्हणून डोक्यावर घेणे किंवा केवळ जेता म्हणून पुसून टाकणे, दोन्ही सोयीचे आहे आणि दोन्ही अपुरे आहे.

व्हाइसरॉय हा किताब मिळाल्याची बातमी त्याला अगदी शेवटी कळली. ६ जून १५४८ रोजी तो गोव्यात वारला. सेंट फ्रान्सिस झेवियर त्या वेळी त्याच्या उशाशी होते. एवढ्या मोठ्या पदावरच्या माणसाने मागे संपत्ती अशी ठेवलीच नाही, असे त्याचे चरित्रकार सांगतात. त्याच्या वह्या पुढे तीनशे वर्षे हस्तलिखितांच्या रूपात पडून राहिल्या. गोवा ते दीव ही मार्गदर्शिका १८४३ साली पोर्तुगालमधल्या पोर्तो शहरात छापली गेली, तेव्हा वसईचा किल्ला ओस पडलेला होता.

किल्ल्याच्या तटाजवळून आज पूर्वेला पाहिले तर इमारतींच्या रांगांमागून तुंगारेश्वरची धार डोके वर काढते. घरातले एखादे मूल संगणकावर पर्वतरांग काढत बसले असेल, तर रविवारच्या संध्याकाळी त्याला अर्नाळ्याच्या किंवा पाचूबंदरच्या किनाऱ्यावर न्यावे, भरतीच्या रेषेपाशी समुद्राकडे पाठ करून उभे करावे आणि ती आकाशावरची रेघ डावीकडून उजवीकडे, मध्ये पेन्सिल न उचलता, काढायला सांगावी.