मुंबईत घरात गॅसचा दिवा आणणारे अर्देशीर वाडिया



आपल्या घरी गॅसची शेगडी असते. कळ फिरवली की निळी ज्योत पेटते आणि आई चहा ठेवते. आपल्याला त्यात काही नवल वाटत नाही. पण मुंबईत सगळ्यांत आधी आपल्या घरात नळीतून गॅस आणून ज्यांनी उजेड पाडला, त्यांचे नाव पुष्कळांना माहीत नसते. त्यांचे नाव अर्देशीर कर्सेटजी वाडिया. त्यांची माहिती आम्हाला गुरुजींनी सांगितली. श्रावणात आमच्या घरी एक प्रसंग घडला, म्हणून मी भित्तिपत्रकासाठी हाच विषय घेतला. तो प्रसंग शेवटी सांगते.

अर्देशीर यांचा जन्म ६ ऑक्टोबर १८०८ रोजी मुंबईत एका पारशी घराण्यात झाला. वडिलांचे नाव कर्सेटजी रुस्तमजी. वाडिया म्हणजे गुजरातीत जहाजे बांधणारा. त्यांचे पूर्वज लवजी वाडिया १७३६ साली सुरतेहून मुंबईला आले. त्यांनी मुंबईच्या गोदीत सागवानी लाकडाची मजबूत जहाजे बांधली. मग त्यांची मुले, नातवंडे तेच काम करू लागली. जशी आपल्याकडे तांडेलाची मुले लहानपणापासून होडीत खेळतात, तसे अर्देशीर गोदीत वाढले. करवत, हातोडा, दोरखंड आणि डांबर यांतच त्यांचे लहानपण गेले.

त्या काळी जहाजे शिडाची असत. आपल्या दाभोळ बंदरातसुद्धा पूर्वी अरबस्तानातून शिडाची जहाजे येत असत. वारा असला तर जहाज चाले. वारा पडला की जागच्या जागी. मग विलायतेत वाफेचे इंजिन निघाले आणि वाफेवर चालणाऱ्या आगबोटी आल्या. माझी आजी सांगते की ती लहान असताना मुंबईची आगबोट दाभोळला थांबायची. भोंगा वाजला की सगळी मुलं धक्क्याकडे पळत सुटायची.

अर्देशीरना लाकडापेक्षा या वाफेच्या इंजिनाचे जास्त वेड लागले. त्या वेळी आपल्याकडे ते शिकवणारी शाळा नव्हती. त्यांनी पुस्तके वाचली आणि स्वतःच्या हातांनी काम केले. माझगावला त्यांचा बंगला होता. तिथेच त्यांनी लोखंड ओतायचा छोटा कारखाना काढला. एक लहान इंजिन बसवून विहिरीचे पाणी वर चढवले आणि कारंजे उडवले. १८३३ साली त्यांनी इंदस नावाची छोटी आगबोट पाण्यात सोडली. तेव्हा ते फक्त २५ वर्षांचे होते.

आता गॅसची गोष्ट. त्या वेळी घरोघरी तेलाचे दिवे होते. समई, पणती, नाहीतर कंदील. वारा आला की दिवा गेला. पण विलायतेत विल्यम मर्डॉक नावाच्या एका माणसाने १७९२ साली आपल्या घरात दगडी कोळशाच्या गॅसचा दिवा लावला होता. गंमत म्हणजे तेही वाफेच्या इंजिनांचेच काम करत. पुढे लंडनच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे आले. मुंबईत मात्र तसे काही नव्हते.

अर्देशीरनी ते मनावर घेतले आणि १८३४ साली माझगावचा आपला बंगला आणि बाग गॅसच्या दिव्यांनी उजळून टाकली. लोकांना केवढे नवल वाटले असेल! तेल नाही, वात नाही, तरी दिवा जळतो. मुंबईचे गव्हर्नरसुद्धा ते बघायला त्यांच्या घरी आले होते.

हा गॅस कसा करत, तेही सांगते. लोखंडाच्या बंद भांड्यात दगडी कोळसा भरायचा. आत हवा जाऊ द्यायची नाही. बाहेरून जाळ लावला की आतला कोळसा तापतो आणि त्यातून गॅस निघतो. तो पाण्यातून नेऊन साफ करायचा आणि मोठ्या टाकीत साठवायचा. मग टाकीपासून दिव्यापर्यंत नळ्या टाकायच्या. दिव्याजवळ तोटी असते. तोटी उघडायची आणि ज्योत लावायची.

ऐकायला सोपे वाटते, पण काम फार जोखमीचे आहे. पाण्याची नळी गळली तर जमीन ओली होते आणि आपल्याला कळते. गॅसची नळी गळली तर काहीच दिसत नाही. कोळशाच्या गॅसमध्ये कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू असतो. तो कोंडला तर माणूस झोपेतच मरू शकतो. आणि गॅस साठला असताना ठिणगी पडली तर भडका उडतो. म्हणून नळीचा एकेक सांधा घट्ट पाहिजे. हे काम येरागबाळ्याचे नाही. अर्देशीर नुसते श्रीमंत होते म्हणून त्यांना हे जमले असे मला वाटत नाही. त्यांना लोखंडाचे, वाफेचे आणि नळ्यांचे काम माहीत होते, म्हणून जमले.

१८३९ साली ते आणखी शिकायला विलायतेला गेले. तेव्हा सुएझचा कालवा झालेला नव्हता. म्हणून मिसर देशातून थोडा रस्ता जमिनीवरून जावा लागे. त्यांनी या प्रवासाची रोजनिशी लिहिली आणि ती लंडनमध्ये छापलीसुद्धा. तिथे त्यांनी कारखाने आणि इंजिने पाहिली. मोठमोठे शास्त्रज्ञ भेटले. १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना आपले फेलो म्हणून निवडले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. दुसरे गणिती रामानुजन, पण ते १९१८ साली, म्हणजे ७७ वर्षांनंतर!

मुंबईला परत आल्यावर कंपनी सरकारने त्यांना आपल्या आगबोटींच्या कारखान्याचे मुख्य इंजिनीयर नेमले. त्यांच्या हाताखाली गोरे कामगारसुद्धा होते. एका हिंदी माणसाने साहेबांवर देखरेख करावी, हे काही लोकांना आवडले नाही. हा माणूस हे काम करील काय, अशी शंकाही घेतली गेली. अर्देशीरनी भांडण केले नाही. त्यांनी काम करून दाखवले आणि १८५७ साली निवृत्त होईपर्यंत ती जागा सांभाळली. मधल्या काळात ते अमेरिकाही पाहून आले. शिवणयंत्र, फोटो काढणे, विजेने धातूवर मुलामा देणे, या नवीन गोष्टीही त्यांनी मुंबईला दाखवल्या.

निवृत्तीनंतर ते विलायतेत राहायला गेले. १६ नोव्हेंबर १८७७ रोजी रिचमंड येथे त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय ६९ वर्षांचे होते. १९६९ साली भारत सरकारने त्यांच्या चित्राचे टपाल तिकीट काढले.

अर्देशीरनी घरात दिवे लावले, त्यानंतर ३१ वर्षांनी, म्हणजे १८६५ साली, मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले. पुढे विजेचे दिवे आले आणि गॅसचे दिवे गेले. पण नळीतला गॅस स्वयंपाकघरात राहिला. माझे काका मुंबईला लालबागला राहतात. त्यांच्या घरी सिलिंडर नाहीच. भिंतीवरून नळी येते आणि तिला मीटर असतो. तो गॅस कोळशाचा नसतो. तो जमिनीखालून आणि समुद्राखालून निघणारा नैसर्गिक वायू असतो.

तसाच वायू आपल्यासमोरच्या किनाऱ्यावरही येतो बरं का! आपल्या धक्क्यावरून खाडीपलीकडे अंजनवेलची बाजू दिसते. तिथे मोठ्या जहाजांतून हा वायू आणतात. तो इतका थंड केलेला असतो, शून्याखाली सुमारे १६० अंश, की त्याचे पाण्यासारखे द्रव होते आणि तो सहाशेपट कमी जागेत मावतो. मग त्याचा परत वायू करून नळीतून पार पनवेलला आणि बंगळूरला पाठवतात. नळी दाभोळच्या नावाची, पण आमच्या घरी मात्र सिलिंडरच आहे.

आता श्रावणातला प्रसंग. दिवेलागणीची वेळ होती. बाबा अजून मचव्यावरून आले नव्हते. आजी देवापुढे निरांजन लावायला उठली. घरात कसलातरी कुजका वास येत होता. आजीला वाटलं, माळ्यावर उंदीर मेला असेल. आई दिवा लावायला बटणाकडे गेली. मला एकदम गुरुजींनी सांगितलेलं आठवलं. गॅसला स्वतःचा वास नसतो, म्हणून त्यात मुद्दाम असा घाण वास मिसळतात. मी वाकून ओट्याखाली नाक नेलं, तर तिथे वास जास्त! मी मोठ्याने ओरडले आणि आईला बटण दाबू दिलं नाही, आजीच्या हातातली काडेपेटी काढून घेतली. आजी आधी रागावलीच. मग आईने रेग्युलेटर बंद केला. आम्ही दारं-खिडक्या सताड उघडली आणि अंगणात जाऊन बसलो. पाऊस पडत होता. धाकटा भाऊ रडत होता. आजीने त्याला पदराखाली घेतलं. आम्ही तसेच अंधारात बसलो.

बाबा आले, तेव्हा आईने त्यांना आत जाऊ दिलं नाही. त्या रात्री आम्ही शेजारच्या काकूंकडे जेवलो. सकाळी गॅसचा माणूस आला. त्याने नळीला साबणाचा फेस लावला, तर टोकाला बुडबुडे आले. नळीला चीर गेली होती. ती किती वर्षांची जुनी होती, हे घरात कोणालाच सांगता आलं नाही. त्याने नवीन नळी घातली. बाबांनी दाराच्या मागे खडूने तारीख लिहून ठेवली. आता आजी रोज झोपताना मला विचारते की रेग्युलेटर बंद केलास का.

म्हणून मुलांनो आणि पालकांनो, एवढे लक्षात ठेवा :

१. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो जमिनीलगत साठतो. नळीतून येणारा नैसर्गिक वायू हलका असतो. तो वर छपराकडे जातो.

२. वास आला तर काडी ओढू नये. विजेचे बटण चालूही करू नये आणि बंदही करू नये. ठिणगी दोन्ही वेळा पडते.

३. निरांजन, चूल, उदबत्ती आधी विझवावी. रेग्युलेटर बंद करावा. दारे-खिडक्या उघडून बाहेर जावे.

४. बाहेर गेल्यावर १९०६ या नंबरवर फोन करावा.

५. गळती साबणाच्या फेसाने तपासावी. काडी पेटवून कधीही नाही.

६. रबरी नळी छाप असलेलीच घ्यावी आणि पाच वर्षांत बदलावी. चीर दिसली तर लगेच बदलावी.

७. दुरुस्ती माहीतगार माणसाकडूनच करून घ्यावी. स्वयंपाक झाला की रेग्युलेटर बंद करावा.

अर्देशीर वाडियांच्या चरित्रातून मला हे शिकायला मिळाले की नवीन वस्तूला घाबरू नये, पण ती नीट समजून घ्यावी. न समजता हात लावू नये. त्यांनी घरात उजेड आणला, तो शिकून आणला. अशा या थोर माणसाला माझा नमस्कार.

आज घरी गेल्यावर सगळ्यांनी आपल्या शेगडीची नळी एकदा बघा. वाकून बघा.

— इयत्ता ४ थी, दाभोळ