डॉ. रखमाबाई आणि काडीमोडीचा कायदा

ज्यांचे चरित्र या स्मरणिकेत द्यावे, ती व्यक्ती आपल्याच ज्ञातीतील असली पाहिजे असे आम्ही मानीत नाही. डॉ. रखमाबाई मुंबईच्या सुतार ज्ञातीत जन्मल्या; परंतु त्यांच्या आयुष्याने जो प्रश्न उभा केला तो प्रत्येक तांड्यातील लेकीबाळींचा आहे. म्हणून पोहरादेवीस जमणाऱ्या आपल्या कुटुंबांपुढे तो ठेवीत आहो.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी झाला. वडील लवकर निवर्तले व आई जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. अकराव्या वर्षी रखमाबाईंचा विवाह दादाजी भिकाजी यांच्याशी झाला. परंतु त्या माहेरीच राहिल्या आणि शिकत गेल्या. १८८४ साली दादाजींनी त्यांना नांदविण्यासाठी मुंबई हायकोर्टात दावा लावला. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला. परंतु अपिलात तो निकाल फिरला. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी नांदावयास जाण्याची आज्ञा केली. न मानल्यास सहा महिने तुरुंग होता. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. अखेर १८८८ साली दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन तडजोड केली.

ही सुटका खरी, पण तो घटस्फोट नव्हे. कारण अशा हिंदू स्त्रीस घटस्फोट देणारा कायदाच तेव्हा नव्हता. पुढे त्या विलायतेत वैद्यक शिकून डॉक्टर झाल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी स्त्रियांची दीर्घकाळ सेवा केली. त्यांनी पुन्हा विवाह केला नाही.

मुंबई प्रांताने १९४७ साली हिंदू घटस्फोटाचा कायदा केला. परंतु वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात असल्याने तो पोहरादेवीपर्यंत पोहोचला नाही. १८ मे १९५५ रोजी हिंदू विवाह कायदा अंमलात आला व मुंबईचा तो कायदा रद्द झाला. रखमाबाई २५ सप्टेंबर १९५५ रोजी निवर्तल्या. म्हणजे तो दिवस त्यांना पाहावयास मिळाला.

तरीही राज्याराज्यांत भेद उरला आहेच. महाराष्ट्रात आपला समाज विमुक्त जातींत असल्याने हा कायदा आपल्याला लागू आहे. तेलंगण व आंध्र येथे लंबाडा अनुसूचित जमातींत आहेत. केंद्र सरकारने तशी अधिसूचना काढल्याखेरीज अशा जमातींना हा कायदा लागू होत नाही, म्हणून तेथे रूढीचे महत्त्व मोठे. सीमेपलीकडे लेक देताना हे ध्यानात ठेवावे.

कलम २९ रूढीने होणारी काडीमोड मान्य करते. परंतु ती रूढी प्राचीन व अखंड असल्याचे कोर्टात सिद्ध करण्याचा भार, ती सांगणाऱ्यावर असतो. नायक-कारभाऱ्यांपुढे स्टॅंप कागदावर अंगठे उठविले म्हणजे प्रत्येक वेळी विवाह सुटलाच, असे समजू नये. अशा कागदाच्या भरवशावर दुसरा विवाह झाला आणि रूढी सिद्ध झाली नाही, तर तो विवाह रद्दबातल ठरतो व त्याचे भोग बहुधा स्त्रीच्याच वाट्यास येतात. १९७६ सालापासून परस्परसंमतीने कोर्टातून घटस्फोट मिळतो. तो मार्ग धरावा.

रखमाबाईंना तुरुंगाची तयारी ठेवावी लागली. आपल्या लेकींना निदान कायदा ठाऊक असावा, एवढेच आमचे मागणे आहे.