आज्ञांच्या वहीतून कम्पायलरकडे

सोलापुरी चादरीवर नक्षी उमटवणाऱ्या जॅकार्ड मागाला पुठ्ठ्यावरील छिद्रे आज्ञा देतात. कोणता ताणा उचलायचा हे त्यांवरून ठरते. पुठ्ठ्यांची माळ एकदा तयार झाली, की तीच नक्षी हवी तितक्या वेळा विणता येते. ग्रेस हॉपर १९४४ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात ज्या 'मार्क-वन' या गणनयंत्रावर रुजू झाल्या, तेही छिद्रे पाडलेल्या कागदी फितीवरच चालत असे.

हॉपर यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. येल विद्यापीठातून १९३४ मध्ये गणितात डॉक्टरेट मिळवून त्या वासार महाविद्यालयात अध्यापन करीत होत्या. महायुद्ध पेटले, तेव्हा नौदलाच्या निकषांत त्यांचे वय अधिक आणि वजन कमी भरले. तरीही त्या हटल्या नाहीत आणि १९४३ मध्ये राखीव दलात दाखल झाल्याच.

एक्कावन्न फूट लांबीच्या त्या यंत्राची पाचशेहून अधिक पानांची मार्गदर्शिका सिद्ध करण्याचे काम हॉवर्ड एकेन यांनी हॉपर यांच्यावरच सोपवले. ती १९४६ मध्ये प्रसिद्ध झाली. आज्ञांचा संदर्भग्रंथ असे तिला म्हणता येईल. पण रोजच्या कामात खरा आधार होता तो वह्यांचा. एकदा नीट चाललेला आज्ञासमूह हॉपर आणि त्यांचे सहकारी वहीत टिपून ठेवीत आणि गरज पडेल तेव्हा एकमेकांकडून उतरवून घेत. आज सर्व्हरची देखभाल करणारे अभियंते बॅकअपच्या किंवा डेटाबेसच्या तयार स्क्रिप्ट जपून ठेवतात, त्यातलाच हा प्रकार. अडचण एकच होती. हाताने उतरवताना अंक चुकत, आणि नव्या जागी बसवताना प्रत्येक आज्ञेतील पत्त्यात बेरीज करावी लागे, तीही चुके.

मग ही नक्कल यंत्रानेच का करू नये? एकर्ट-मॉक्ली कंपनीत १९४९ मध्ये गेल्यावर हॉपर यांनी हे तुकडे फितीवर साठवले, प्रत्येकाला क्रमांक दिला. क्रमांक सांगताच यंत्र तो तुकडा शोधून योग्य जागी जोडू लागले. १९५२ च्या सुमारास साकारलेला हाच 'ए-झिरो' कम्पायलर. आजच्या अर्थाने तो जोडणी करणारा अधिक, भाषांतर करणारा कमी. पण संगणक केवळ आकडेमोड करतो, स्वतःचा प्रोग्रॅम रचू शकत नाही, अशी तेव्हाच्या जाणत्यांची ठाम समजूत होती. चालता कम्पायलर समोर असूनही त्यांना तो पटवून देण्यात हॉपर यांची बरीच शक्ती खर्ची पडली.

पुढे त्यांच्या 'फ्लो-मॅटिक'मध्ये इंग्रजी शब्दांतील आज्ञा आल्या आणि १९५९ मध्ये आकाराला येऊ लागलेल्या 'कोबोल'चा पाया त्यावर रचला गेला. 'कोबोलची जननी' हे बिरुद मात्र अतिशयोक्त वाटते. ती भाषा समितीने घडवली. नौदलातून हॉपर १९८६ मध्ये, वयाच्या ७९ व्या वर्षी, रिअर अ‍ॅडमिरल म्हणून निवृत्त झाल्या. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचे निधन झाले.