थांबण्याचे शास्त्र

डॉ. जॉन पॉल स्टॅप यांच्या वेगापेक्षा मला त्यांच्या थांबण्याचेच नवल वाटते. अमेरिकी हवाई दलातल्या या डॉक्टरांनी १० डिसेंबर १९५४ रोजी न्यू मेक्सिकोत स्वतःला रुळांवरच्या रॉकेटगाडीत पट्ट्यांनी जखडून घेतले. ताशी १,०१७ किलोमीटरचा वेग, आणि अवघ्या १.४ सेकंदांत गाडी थांबली! शरीरावर गुरुत्वाकर्षणाच्या ४६ पट भार. डोळ्यांत रक्त उतरले, काही काळ दिसेनासे झाले. पण ते वाचले. खांदे-कंबर घट्ट धरली, की धक्का पसरतो आणि माणूस तगतो.

हवाई दलाची माणसे विमानांपेक्षा मोटार-अपघातांत अधिक दगावतात, हे पाहून त्यांनी मोटारीतही पट्ट्यांचा आग्रह धरला. १९६६ साली राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी वाहनसुरक्षा कायद्यावर सही केली, तेव्हा स्टॅप तिथे हजर होते.