देवगंधर्व भास्करबुवा बखले

संस्कृत शिकण्याकरिता परगावची मुले बडोद्यास यावयाची, हा क्रम फार जुना आहे. गायकवाड सरकारने श्रावणमासात विद्वानांस दक्षिणा द्यावी, शास्त्र्यांच्या घरी व पाठशाळांतून मुलांनी रूपावली, अमरकोश, रघुवंश म्हणावे आणि पुढे कोणी पौरोहित्य, कोणी पुराण, कोणी अध्यापन पत्करून आपला योगक्षेम चालवावा, अशी येथील रीत होती. याच रीतीने बखले घराण्यातील एक निर्धन मुलगा बालवयात या नगरीत आला. भास्कर रघुनाथ हे त्याचे नाव. जन्म १७ ऑक्टोबर १८६९, गाव कठोर. हे कठोर त्या काळी बडोदे संस्थानात मोडत असे. आज ते सुरत जिल्ह्यात आहे. मुलगा आला तो शास्त्री होण्यास. झाला मात्र गवई, आणि तोही असा की, महाराष्ट्रातील गानरसिकांनी त्यास देवगंधर्व म्हणावे.

हे स्थित्यंतर कीर्तनामुळे घडले. बडोद्यात विष्णुबुवा पिंगळे हे नामांकित कीर्तनकार होते व त्यांस धृपदाची उत्तम तालीम होती. त्यांचे ठायी भास्कराचे मन जडले. नारदीय कीर्तन ज्यांनी जवळून ऐकले आहे त्यांस हे सांगावयास नकोच की, पूर्वरंगातील निरूपण आणि उत्तररंगातील आख्यान या दोहोंस बांधणारा धागा स्वरांचाच असतो. साकी, दिंडी, आर्या, पद, अभंग. प्रत्येकाची चाल निराळी, प्रत्येकाचे वजन निराळे, आणि ऐन करुणरसाच्या जागी कोणता स्वर लावावा याचे भान बुवांस क्षणाक्षणाला ठेवावे लागते. शब्दाचा अर्थ न बिघडविता त्यास सुराचे वस्त्र नेसविणे ही विद्या भास्करास येथे, लहानपणीच, मिळाली. पाठशाळेतील शुद्ध वर्णोच्चाराचा संस्कारही तिच्या जोडीस होताच. या नगरीतील थोर संगीतज्ञ मौलाबक्ष यांच्याकडेही त्यांनी काही पाठ घेतले. मौलाबक्षांनी सयाजीराव महाराजांच्या आश्रयाखाली १८८६ साली जी गायनशाळा काढली, तीच पुढे वाढत वाढत आजच्या महाराजा सयाजीराव विश्वविद्यालयाच्या संगीत विभागापर्यंत आली आहे.

मुलाचा आवाज गोड आणि रूप सुरेख. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या नाटक मंडळीत त्याचा प्रवेश झाला आणि १८८४ साली रंगभूमीवर आलेल्या ‘रामराज्यवियोग’ नाटकात कैकेयीची भूमिका त्याच्याकडे आली. भाऊराव कोल्हटकरांसारख्या अलौकिक गळ्याच्या नटाबरोबर उभे राहून लोकांचे लक्ष वेधणे सोपे नव्हते. या मुलाने ते वेधले. याच नाटक मंडळीच्या मुक्कामात इंदुरास प्रसिद्ध बीनकार बंदे अलीखाँ यांनी त्याचे गाणे ऐकले व प्रसन्न होऊन त्यास गंडा बांधला. उस्तादाने शिष्याच्या मनगटास सूत्र बांधावयाचे आणि त्या क्षणापासून त्याचा भार आपल्यावर घ्यावयाचा, असा हा विधी आहे. मौंजीच्या वेळी सावित्रीचा उपदेश घेतलेल्या ब्राह्मणपुत्राच्या हातात हे दुसरे सूत्र आले.

आणि मग आवाज फुटला. वयात येणाऱ्या प्रत्येक मुलास हे भोगावे लागते, पण ज्याचे सारे भाग्यच गळ्यात आहे त्यास तो केवढा आघात! स्त्रीभूमिका गेल्या, मंडळीतील मान गेला. संस्कृताचा अभ्यास अर्धवट सुटलेला, नाटकाचा मार्ग बंद झालेला, घरची संपत्ती नाही. अशा वेळी कोणीही एखादी लहानशी चाकरी पाहिली असती. भास्करराव मात्र पुन्हा बडोद्यास आले आणि दरबारचे गायक फैज महंमदखाँ यांचे शिष्य झाले. (बडोदेकरांनी येथे घोटाळा करू नये. १९५० साली याच नगरीत पैगंबरवासी झालेले आफताब-ए-मौसिकी फैयाजखाँ ते निराळे; हे त्यांच्या पूर्वीचे, ग्वाल्हेरच्या ख्यालाचे जाणते.)

फैज महंमदखाँसाहेबांकडील हा काळ वर्षानुवर्षांचा आहे, आणि माझ्या मते भास्करबुवांचे सारे मोठेपण त्यात साठलेले आहे. गुरुगृही राहणे म्हणजे काय, हे पाठशाळेत वाढलेल्या आम्हांस थोडेफार ठाऊक असते. परंतु ज्या काळात सोवळ्याओवळ्याचे निर्बंध कडक होते, त्या काळात एका ब्राह्मण तरुणाने मुसलमान उस्तादाच्या दाराशी सेवा करीत राहावे, याचे मोल आज सहज ध्यानात येणार नाही. घरची कामे करावी, गुरूची लहर सांभाळावी, शिकवण मिळेल तेव्हा घ्यावी, न मिळेल तेव्हा कान देऊन बसावे. फुटलेल्या आवाजास पुन्हा एका सुरावर स्थिर करण्याकरिता खर्जाची साधना पहाटे करावी लागते, तिला दुसरा उपाय नाही. विलंबित ख्यालाची संथ चाल, बंदिशीची स्वच्छ मांडणी, अस्ताईअंतऱ्याचा पूर्ण उच्चार, हा ग्वाल्हेरचा पाया त्यांनी अशा रीतीने घातला.

पाया झाला म्हणून ते थांबले नाहीत. पुढे ते धारवाडच्या ट्रेनिंग कॉलेजात संगीतशिक्षक झाले. म्हैसूर दरबाराशी संबंध असलेले आग्र्याचे नत्थनखाँ हे त्यांचे दुसरे महान गुरू होत. लय म्हणजे नत्थनखाँ, असे जाणकार म्हणत. तबलजीने अत्यंत विलंबित ठेका धरावा आणि खाँसाहेबांनी बोल वाटीत वाटीत, नाना आड वळणे घेत समेवर निश्चिंत यावे, ही त्यांची खासियत होती. १९०१ साली ते वारले. त्या वेळी भास्करबुवा तिशी उलटलेले व नाव कमावलेले गवई होते. शागीर्द म्हणून पुन्हा कोणापुढे बसण्याची त्यांस व्यवहारतः काहीच गरज नव्हती. तरीही ते कोल्हापूर दरबारचे अल्लादियाखाँ यांच्यापुढे विनम्र होऊन बसले. अनवट व जोडरागांचा संग्रह, आकारात गुंफलेली पेचदार तान, हे तेथील धन. या खाँसाहेबांच्या घराण्यात अशी परंपरा सांगत की, आपले मूळपुरुष नाथ विश्वंभर नामक ब्राह्मण होते. तिची शहानिशा करण्याचे हे स्थळ नव्हे.

तीन घराण्यांची विद्या एका गळ्यात आली की तिचे कडबोळे होण्याचा संभव फार. भास्करबुवांच्या गाण्यात ते झाले नाही, याविषयी त्यांच्या काळच्या सर्व ऐकणाऱ्यांचे एकमत दिसते. कोठे ग्वाल्हेरचा विस्तार संपतो आणि कोठे आग्र्याची लय सुरू होते, हे शोधूनही सापडत नसे. याचे कारण मला असे वाटते की, या तीन पद्धती त्यांनी जिच्यात मुरविल्या ती त्यांची मूळ वृत्ती कीर्तनकाराची होती. समोर बसलेल्या श्रोत्यास, मग तो पंडित असो की बाजारातला वाणी, बरोबर घेऊन जाणे हे कीर्तनकाराचे पहिले कर्तव्य, आणि भास्करबुवांचे गाणे पंडितांस व सामान्यांस सारखेच रिझवीत असे. पंजाबात जालंधर येथे स्वामी तुलजागिरींच्या समाधीपाशी बाबा हरिवल्लभांनी १८७५ पासून सुरू केलेला संगीत मेळा भरतो. तेथे तिकीट नाही, दरबार नाही; साधू, शेतकरी, गवई एकत्र बसून ऐकतात. त्या मेळ्यात भास्करबुवा मोठ्या प्रेमाने जात व तेथील लोकांस ते आपलेच वाटत. पंजाबी चाली व टप्पे त्यांनी आत्मसात केले, आणि दिलीपचंद्र वेदी यांच्यासारखा पंजाबी शिष्यही त्यांस मिळाला.

उस्तादांच्या घरांत विद्या जपून ठेवण्याची चाल होती. ठेवणीतली चीज मुलाला किंवा जावयाला द्यावयाची, परक्याला नव्हे. त्यास दोष देण्याचे कारण नाही, कारण तीच त्यांची इस्टेट होती. पण इतक्या कष्टाने मिळविलेली इस्टेट भास्करबुवांनी स्वतः राखून ठेवली नाही. १९११ साली त्यांनी पुण्यात किर्लोस्कर भारत गायन समाज स्थापिला. तोच पुढे भारत गायन समाज या नावाने प्रसिद्ध झाला. गृहस्थाश्रमी माणसाच्या मुलांनीही गाणे शिकावे व ते क्रमवार शिकता यावे, असा त्याचा उद्देश. गंड्याची दक्षिणा देण्यास असमर्थ असणाऱ्यास तेथे दार उघडे झाले. ज्यास स्वतःला एकेका चिजेकरिता वर्षे मोजावी लागली, त्याने असे दार उघडावे यात मला त्यांच्या साऱ्या मैफलींहून अधिक थोरवी दिसते.

नाटकाशी तुटलेला संबंधही पुन्हा जुळला, या वेळी गुरू म्हणून. बालगंधर्वांनी १९१३ साली आपली गंधर्व नाटक मंडळी काढली. त्या मंडळीने १० डिसेंबर १९१६ रोजी रंगभूमीवर आणलेल्या खाडिलकरांच्या ‘स्वयंवर’ नाटकातील पदांच्या चाली भास्करबुवांच्या आहेत. रुक्मिणीचे श्रीकृष्णावरील प्रेम हा विषय, बालगंधर्व रुक्मिणी. यमन, बिहाग, भीमपलास असे भारदस्त राग घेऊन ख्यालातील बंदिशींच्या धर्तीवर त्यांनी पदे बांधली. पूर्वीच्या साकीदिंडीच्या जागी रागदारी आली, आणि तरी शब्द बुडाला नाही. ज्याने दरबाराची पायरी कधी चढली नाही, अशा मराठी माणसाच्या कानावर यमन गेला तो बहुधा या नाटकामुळेच. १९२० सालच्या ‘द्रौपदी’ नाटकाचे संगीतही त्यांचेच.

यानंतर आयुष्य फार उरले नव्हते. ८ एप्रिल १९२२ रोजी पुण्यात त्यांचे देहावसान झाले. वय अवघे बावन्न. त्यांच्या गाण्याची एकही ध्वनिमुद्रिका आपणांस उपलब्ध नाही. बालगंधर्व, अब्दुल करीमखाँ, फैयाजखाँ आजही यंत्रातून ऐकता येतात. भास्करबुवांचा स्वर मात्र ज्यांनी ऐकला त्यांच्याबरोबरच गेला. त्यांचे गाणे कसे होते हे जाणण्यास शिष्यांचे गाणे आणि गोविंदराव टेंब्यांसारख्या साथ केलेल्या रसिकांचे लेखन, एवढीच साधने आहेत.

शिष्यांपैकी मास्तर कृष्णराव फुलंब्रीकर हे देवाच्या आळंदीस १८९८ साली जन्मलेले. लहानपणीच ते बुवांकडे आले, त्यांच्या मागे बसून तंबोऱ्यावर गाता गाता तयार झाले आणि गुरूच्या पश्चात समाजाची धुरा त्यांनी वाहिली. गंधर्व नाटक मंडळीच्या पुढील नाटकांस चालीही त्यांनीच दिल्या. त्यांपैकी १९३१ सालचे ‘कान्होपात्रा’ हे मंगळवेढ्याच्या संत कान्होपात्रेवरील. त्यातील अभंग बालगंधर्व रंगभूमीवर उभे राहून गात, आणि प्रेक्षक टाळ नसल्याने हातांनी ताल धरीत.